तात्यांची गिनती

परवा बारामतीत एका लग्नाला गेले होते. कार्यालयाच्या दाराशीच फोडणीचा खमंग वास आला आणि पाठोपाठ बुफेची रांग दिसली. हातात ताटं धरून माणसं कोपरानं कोपर ढकलत होती. कोण जेवलं, कोण उपाशी गेलं, कुणाला पत्ता नाही. तात्या असते तर त्यांनी त्या आचाऱ्याच्या हातातली पळीच काढून घेतली असती आणि पुढचे दोन तास आमच्या घराची शोभा झाली असती. तात्यांची आठवण आली की मला आधी वैताग येतो. गहिवर आलाच तर मागाहून.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. फौजेत होते, पण लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात. निवृत्त होऊन आमच्या गावी, डाळजला आले ते एक लोखंडी ट्रंक आणि डोक्यात एक खूळ घेऊन. दर रविवारी आमच्या ओसरीवर आसपासचे चार-पाच माजी सैनिक जमत. बर्फ, खेचरं, तिरसट साहेब, सुट्टीवर आलेल्या बापाला न ओळखणारी पोरं, आणि पुढं कारखान्याच्या गेटवर पहारा करताना भेटलेले दीडशहाणे, अशा त्यांच्या गप्पा ऐकत मी मोठी झाले. तात्या मात्र चहा गाळत बसत. त्यांना गोष्ट सांगा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आमी काय, रोट्या थापल्या." मला त्यांची लाज वाटायची, हे आता सांगूनच टाकते.

आणि ते खूळ! घरी चार पाहुणे येवोत की गावजेवणाची पंगत असो, गिनती झाल्याशिवाय हा माणूस वाढू देत नसे. किती यायचे, किती आले. आकडा जुळला तरच पातेल्याचं झाकण निघणार. जेवायला बसलेल्याला मोजणं म्हणजे त्याचा अपमान, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकू बिचारी कपाळ बडवून घेई. पण त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या खुळानं माझं जमलेलं लग्न मोडायची वेळ आणली. साखरपुड्याला बारामतीहून बत्तीस पाहुणे येणार असा निरोप होता. पानं मांडली, उदबत्त्या लागल्या, मंडळी बसली आणि तात्या बोटं मोजत पंगतीतून फिरले. एकतीस भरले.

"एक कमी हाय. थांबा."

पाऊण तास थांबलो! बासुंदीवर साय धरली. मुलाचे मामा मुळात तापट, ते सरळ पानावरून उठले. "तोंडं मोजून जेवू घालणाऱ्या घरात आमाला सोयरीक करायची न्हाय," म्हणाले आणि चपला पायांत चढवल्या. माझे वडील हात जोडत होते. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात तात्यांना नको नको ते बोलत होते. मुलगा मला मनापासून आवडला होता हो!

तेवढ्यात रविवारच्या बैठकीतले एक जण, नरसिंहपूरचे सुभेदार, मामांना आडवे झाले. ते आणि तात्या एकाच पलटणीत होते.

"मामा, दोन मिंटं ऐका, मग जावा. आमी बर्फातल्या चौकीवर व्हतो. एका दिशी यानं गिनती न घेता वाढलं. दोघांच्या रोट्या उरल्या. याला वाटलं, पोरांना भूक न्हाय. भांडी घासून झोपला. सकाळी दोघं घावली, लंगरापासनं हाकेच्या अंतरावर. कुणी हुडकायला गेलंच न्हाय, कारण कमी हायेत हेच कुणाला ठावं नव्हतं. ह्यो तोंडं मोजत न्हाय, मामा. परत आलेली माणसं मोजतोय."

तात्या चोरी पकडल्यासारखे पातेल्याकडं बघत उभे होते. मामांनी खालच्या आवाजात विचारलं, "कमी कोण हाय?"

बत्तिसावा सापडला. त्यांच्याच जीपचा ड्रायव्हर, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली गाडीत झोपलेला. त्याला जेवायला बोलवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मामा स्वतः जाऊन त्याला घेऊन आले आणि आपल्या शेजारी बसवलं. तात्या म्हणाले, "आता वाढा."

मला मात्र राग आला होता. इतके रविवार बाकीच्यांच्या गोष्टींना चहा पाजला, मग स्वतःची गोष्ट का नाही सांगितली? दुसऱ्या दिवशी विचारलंच. "सांगून काय ती दोघं जेवाया येणार हायेत व्हय?" म्हणाले आणि कांदा चिरायला बसले. खूळ काही गेलं नाही. पुढं माझ्या मुलाच्या वाढदिवसाला बारामतीच्या फ्लॅटमध्ये, खालचा वॉचमन वर येईपर्यंत त्यांनी केक कापू दिला नाही. मी तेव्हाही करवादलेच. सगळी गोष्ट ठाऊक असूनही करवादले. माणूस जवळचा असला की त्याचं दुःखसुद्धा आपल्याला सवयीचं होतं आणि त्याचा जाच तेवढा जाणवत राहतो.

तात्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पंगती तर त्यांच्या आधीच गेल्या. परवा त्या बुफेच्या रांगेत, हातात ताट घेऊन, मी नकळत आमच्या घरची माणसं मोजायला लागले. आठ भरली. नऊ हवी होती. पुन्हा मोजली, पुन्हा आठच. नवऱ्याला हाक मारून विचारलं, "आपल्यातलं कोण राहिलंय?"

"कुणी नाही. आठच तर आलोय आपण."

खरंच की. सकाळी गाड्यांत आठच जण बसलो होतो. मागची बाई म्हणाली, "ताई, पुढं सरका की." वाढपी भाताचा डाव उचलून माझ्याकडं बघत होता आणि माझं ताट काही पुढं होईना. मेल्यावरसुद्धा या माणसानं माझं जेवण अडवून धरलं होतं.