एक गोवरी, एक विमान आणि मी एकटी आत्या

भावाला लग्नानंतर खूप वर्षांनी मुलगा झाला, आणि त्याला आत्या म्हणून मी एकटीच. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठरवते, ते कुणाला म्हणून सांगत नाही आणि बारशात पहिल्यांदा बाळाच्याच कानात सांगते. भाऊ रोज फोनवर "ताई, पयलं अक्षर तरी सांग की" करायचा. मी कसली दाद देतेय! त्याचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला. आमची विट्याची माणसं अशीच देशभर पांगलेली. बारसं संध्याकाळी होतं, म्हणून आई आणि मी पुण्याहून सकाळचं विमान धरलं.

पहाटेच निघालो. विटा ते कराड रस्ता चांगला आहे, पण मलकापुराजवळ पुलाचं काम आणि ट्रकांची रांग, तेव्हा हाताशी वेळ ठेवाच. साताऱ्याजवळ मिसळ खाल्ली. तिखट होती, पण बेस. टॅक्सीचं भाडं जवळजवळ विमानाच्या तिकिटाएवढं पडलं, यावर आई पुण्यापर्यंत बोलली.

विमानतळावर तपासणीत आईची पिशवी अडकली. आत ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि घरच्या गाईची एक गोवरी. बाळाला धुरी द्यायला.

"तिकडं गोवऱ्या मिळतात गं," मी म्हटलं.

"त्या गाईला आपुन वळखतो व्हय?"

साहेबानं गोवरी उलटीपालटी केली, वास घेतला आणि हात जोडून परत दिली.

विमान वर गेलं आणि थोड्याच वेळात वास सुटला. जळकं तेल आणि ओले मोजे एकत्र उकळल्यासारखा. डोळे चुरचुरायला लागले. हवाईसुंदऱ्या ओले रुमाल वाटू लागल्या आणि वैमानिकानं सांगितलं, केबिनमध्ये वाफा येताहेत, आपण पुण्याला परत फिरतोय.

आई ताडकन हात वर करून म्हणाली, "आवं बाई, इमान फिरवू नगा! ती माझी गोवरी हाय!"

मी तिला खाली ओढत होते. मागच्या सीटवरच्या, सांगलीच्या एका काकांनी हिंदीत भाषांतर केलं. हवाईसुंदरीनं पिशवीत नाक घालून गंभीरपणे मान हलवली. ही नाही. मग काय, लोकांना कबुलीचं वेडच लागलं. एकानं सुकटीचा डबा पुढं केला. सांगलीचे काका म्हणाले, "माजे मोजे बी बघा. परवापासनं हायत." तेही बिचारीनं बघितले. तेही नव्हते.

मी हसत होते, आणि तेवढ्यात विमान जोरात खाली दबलं. हसू कुठल्या कुठं गेलं. मनात एकच आलं: आपलं काही बरंवाईट झालं, तर बाळाचं नाव माझ्याबरोबरच जाणार. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही! मी घाबरून आईच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगून टाकलं. बारशात नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात; आईनं सवयीनं सणसणीत एक घातला. मग दोघी रडलो.

उतरलो सुखरूप. इंजिनातलं तेल कुठंतरी गळत होतं म्हणे. दुपारच्या विमानात जागा मिळाली. अशा वेळी रांगेत भांडत न बसता आधी काउंटर गाठा. दिवेलागणीला पोचलो, तर पाळणा सजवून सगळे खोळंबलेले. मी वाकले, "कुर्रर्र" केलं आणि बाळाला सांगितलं, "विहान." बायकांनी पाठ सोलून काढली.

आता घरी येऊन आठवडा झाला. गोवरीची आणि मोज्यांची गोष्ट आईनं अख्ख्या गल्लीला सांगितली, रोज थोडी वाढवून. काल शेजारच्या काकूंनी विचारलं, "आवं, नातवाचं नाव तुमाला तरी आधी सांगितलं व्हतं का लेकीनं?"

मी श्वास रोखून आईकडं बघितलं.

"छ्या!" आई म्हणाली. "पयलं बाळालाच. मला बारशातच कळलं, सगळ्यांसंगट."