तिसऱ्या खुर्चीचा बँडोनिऑन

माझे वडील कल्याणला पेट्या दुरुस्त करतात. शाळा चौथीपर्यंत, पण हार्मोनियमचा सूर केसभर हलला तरी त्यांच्या कानाला कळतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.कॉम. झाले, त्याचा गर्व होता, अजून आहे. घरात काही अडलं की सगळे माझ्याकडे बघत, आणि मीही कधी ‘माहीत नाही’ म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या एका काकांनी वडिलांकडे बँडोनिऑन आणला. चौकोनी पेटी, मध्ये लांब भाता, दोन्ही टोकांना बटणं. काकांनी उमेदीची वर्षं जहाजावर काढलेली. ब्युनोस आयर्सला एक वादक वारला, तेव्हा त्याच्या बायकोकडून त्यांनी तो घेतलेला. टँगो या तिथल्या नाचाच्या संगीताच्या सुवर्णकाळात, चाळीसच्या दशकात, तो माणूस एका ऑर्केस्ट्रात बँडोनिऑनवाल्यांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर बसायचा.

“पहिल्या खुर्चीवाल्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, मास्तर,” काका म्हणाले. “याचं नाव घरच्यांपलीकडे कोणाला नाही. एवढंच उरलंय त्याचं.” त्यांनी एक पेनड्राइव्ह दिला. त्यात त्या काळच्या ऑर्केस्ट्रांची रेकॉर्डिंग होती. “आधी हे ऐका. मग हात लावा.”

आम्ही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालेले. वडिलांनी हाक मारली. “अगं, बघ जरा. भाता उघडताना बटण दाबलं तर एक सूर, मिटताना तेच दाबलं तर दुसरा. असं कसं?”

मी चपला घालता घालता म्हटलं, “कुणीतरी रीड चुकीचे बसवले असतील. एकसारखे करून टाका.”

रीड म्हणजे हवेने थरथरणारी धातूची जीभ. तिच्यावर कानस चालवली की सूर हलतो. संध्याकाळी आले तर दोन रीड घासून झालेले, आणि वडील कानस खाली ठेवून नुसते बसलेले.

“हाताला पटेना,” ते म्हणाले. “ती गाणी लाव.”

लावली. एक ऑर्केस्ट्रा पायांना बसू देत नव्हता. दुसरा असा सावकाश, की पियानो पुढचा सूर देईल की नाही याचीच भीती वाटे. मागे व्हायोलिनं, आणि पुढे बँडोनिऑनची रांग. त्या रांगेत तिसरा कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. चौघं मिळून एकच माणूस वाजवतोय असं वाटत होतं.

वडील उठले. खडू घेऊन फरशीवर भाता उघडतानाचे सूर लिहिले, शेजारी मिटतानाचे. दोन्हीकडे सप्तक पुरं होतं. फक्त दोन जागी भोक पडलेलं. ते आमचं.

“बिघाड नव्हताच,” ते म्हणाले. “घडणच तशी आहे. बी.कॉम. बाई बोलल्या आणि मी ऐकलं!”

रविवारी पेटी घेऊन माजिवड्याला जाताना मी विचारलं, “बाबा, गुपचूप परत लावता येतील ना?”

“सूर लागेल. पातळ झाला तो रीड जाड नाही होत.”

काकांसमोर त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, “मी सांगितलेलं त्यांना, काका. न बघता.” काका बराच वेळ बोटांनी भात्याची कड चाचपत राहिले.

“गाणी ऐकली नाहीत ना?”

“नंतर ऐकली.”

“ते दोन रीड टिकतील किती?”

“ते नाही सांगता येणार,” वडील म्हणाले.

“लावा,” काका म्हणाले. चहा विचारला नाही.

तीन आठवडे लागले. शेवटी पेटी बंद करण्याआधी वडिलांनी मला आतलं लाकूड दाखवलं. तिथे पेन्सिलीने परक्या भाषेत बारीक नोंदी होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. आमच्याकडेही पेटी उघडणारा आत आपलं नाव टाकतो.

“इंग्लिशमध्ये लिही,” ते म्हणाले. “हे दोन रीड कल्याणला चुकून घासले. पुढच्याने इथे कानस लावू नये.”

मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मग मराठीत अर्थ विचारला. ‘चुकून’ आलंय ना, हे दोनदा विचारलं. त्याखाली त्यांनी सही केली. मग पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि मी माझं नाव टाकेपर्यंत झाकण हातात धरून उभे राहिले.