हेड बदललं तो गुरुवार

जित्याजागत्या माणसापेक्षा बंद पडलेल्या गाडीशी ज्याचं जास्त पटतं, असा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. लग्नात कानपिळीचा मान त्याचा होता. त्यानं माझा कान पिळला तो पिळलाच, वर सगळ्या मांडवादेखत माझ्या छातीला कान लावला आणि नवरीला म्हणाला, "आक्का, माणूस बरा हाय, पर गरम लवकर हुतो." वऱ्हाडी हसले. ही पण हसली. पुढं उभ्या संसारात मी आवाज चढवला की ही नुसतं माझ्या छातीकडं बघायची.

आकुर्डीत कंपनीच्या भिंतीला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. तिथं तो गाडीला अहो-जाहो करतो आणि गिऱ्हाइकाला अरे-तुरे. चहा आला की एक कप जास्तीचा घेतो आणि बॉनेटवर ठेवतो. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणतो, "ह्याआधी जो चालवत हुता त्याला." थोड्या वेळानं बघावं तर कप रिकामा. मांजर पीत असेल. पण त्या शेडात मांजर मी काही कधी पाहिलं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्याची तपासणी. एक टायवाला साहेब नुसतं ऑइल बदलायला आला होता. ह्यानं ऐकलं आणि हळूच विचारलं, "रोज गाडी चालू करून, गिअर न टाकता, एकटं कोण बसतं रं हिच्यात?" साहेब मटकन टायरावर बसला. नोकरी जाऊन महिने झाले होते. घरी सांगितलं नव्हतं, डबा घेऊन निघायचा आणि कुठंतरी सावलीला गाडीत दिवस काढायचा. मला हा म्हणाला, "प्लग काळे पडले हुते दाजी, त्यावरनं वळखलं." पण प्लग त्यानं अजून काढलेच नव्हते. मी शेजारीच उभा होतो.

दुरुस्त झालेलं इंजिन तो पहिल्यांदा चालू करणार ते गुरुवारीच. गुरुवारी आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी. एरवी पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या दणक्यानं जमीन हलत असते, ती त्या दिवशी गप्प होते. भर दुपारी अशी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. तो म्हणतो, "आज ज्यांला बोलायचं आसंल ते बोलत्यात."

ही गेली त्याला वर्ष झालं. घरात ती नाही हे मला पटलं. भांडी घासायला लागलो की पटतंच. गाडीत मात्र पटत नव्हतं. इंजिन चालू केलं की डावी सीट बारीक थरथरायची, सीटवरचा तिनं विणलेला रुमाल हलायचा, आणि मला शेजारी कुणीतरी आहे असं वाटायचं. त्यासाठी मी दुधाला पण गाडी काढायचो. मग रेडिएटर गळला, इंजिन तापलं, हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाला, तडा गेला. पोरगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या आता." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. गाडी दुसऱ्या गाडीला टोचन करून आकुर्डीला नेली.

जुन्या जातीचं धड हेड कुठं मिळेना. मिळालं ते निघोज्याच्या भंगारवाल्याकडं, त्याच इंजिनाच्या पुढच्या मॉडेलचं, व्हॉल्व्हची वेळ आपली आपण मागंपुढं करणारं. ह्यानं हेड हातात घेण्याआधी भंगारवाल्याची उलटतपासणी चालू केली. गाडी कोण चालवायचं? चिडका होता का? पीत होता का? बायकोला नीट वागवायचा का? भंगारवाला वैतागला, "भाऊ, हेड न्यायचंय का पोरगी द्यायचीय?"

"सोयरीकच हाय ही," हा म्हणाला. "ह्या घरचं डोकं त्या घरच्या अंगावर बसवायचं. इचारावं लागतं."

येताना त्यानं मला समजावलं. "दाजी, जुनं हेड म्हंजी तुमी. चढ आसो, उतार आसो, ठरल्या येळेलाच तोंड उघडणार. हे हेड म्हंजी आक्का. रस्ता बघून बोलणार."

"आणि हेड बदललं नि ती गेली तर?" मी विचारलं.

दुसरा कुणी हसला असता. हा हसला नाही. "सांगता येत न्हाई," म्हणाला.

नव्या हेडला टायमिंग हलवायला तेलाचा दाब लागतो आणि जुन्या इंजिनात तशी वाट नसते. त्यानं बाहेरून, उजव्या अंगानं, तेलाची नळी टाकली. गुरुवारी दुपारी मला म्हणाला, "मागं बसा. फुडं जागा न्हाई." डावी सीट रिकामी होती. मी मुकाट्यानं मागं बसलो.

इंजिन लागलं. आवाज लोण्यासारखा. डावी सीट जागची हलली नाही, रुमाल हलला नाही. महाळुंग्याच्या रस्त्याला लागलो तरी ती सीट म्हणजे नुसती सीट. ही दुसऱ्यांदा गेली, असं मला वाटलं, आणि ह्या वेळी मीच पैसे देऊन घालवली.

चढाला त्यानं गाडी दाबली. इंजिनाचा सूर बदलला, कुणी बोलायला श्वास घ्यावा तसा. तेवढ्यात समोर एक कंटेनर आडवा घुसला, आणि डाव्या सीटच्या पायाशी पत्र्यावर धप्पकन वाजलं. आमची ही अशीच शेजारी बसून ब्रेक मारायची.

"आक्का, ब्रेक माज्याकडं हाय," हा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

शेडपाशी गाडी थांबली. मग विचारलं, "तुला ऐकू आलं?"

एरवी ह्याला भंगारातल्या नट-बोल्टात माणसं दिसतात. पण आज माझ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "नळी आपटली आसंल दाजी. उद्या बांधून टाकतो."

नळी उजवीकडं होती. ती त्यानंच टाकली होती.

"बांधू नको," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि चहा सांगायला उतरला. गाडीचं दार धाडकन आपटायची त्याची जन्माची खोड. त्या दिवशी मात्र त्यानं ते दोन्ही हातांनी धरून हळूच टेकवलं, आत कुणाचा डोळा लागलेला असला की लावतात तसं.