परतकाका आणि यादीत नसलेली ओळ

कुठेही निघालेल्या माणसाला लोक ‘कुठे चाललात?’ असं विचारतात. आमचे भोईरकाका ‘परत कसं येनार?’ असं विचारायचे. ऑफिसची सहल अर्नाळ्याला निघाली तेव्हा बाकीचे खाऊच्या पिशव्या गाडीत भरत होते आणि काका रिक्षावाल्याकडून संध्याकाळी पाचचं वचन घेत होते. रिसेप्शनवरच्या मुलीचं लग्न ठरलं. सगळ्यांनी मुलगा काय करतो ते विचारलं, काकांनी तिचं सासर स्टेशनपासून किती लांब आहे ते विचारलं. आमच्यातला एकजण कायमचा कॅनडाला निघाला, तर त्याने दिलेला पेढा अजून तोंडातच असताना काकांनी त्याला परतीचं विचारलं. तो बिचारा ‘कायमचा’ या शब्दाचा अर्थ त्यांना दहा मिनिटं समजावत बसला. काका समजूतदारपणे मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, “ते कळलं. पन परत कसं येनार?” त्या दिवसापासून त्यांना परतकाका हे नाव पडलं आणि ते त्यांनी विनातक्रार लावून घेतलं.

आम्ही दोघं रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होतो. मुख्य लॅब माणिकपूरला. नमुने घ्यायची आणि रिपोर्ट द्यायची बावीस केंद्रं फुलपाड्यापासून गोखिवऱ्यापर्यंत पसरलेली. प्रत्येक केंद्रात लिनक्सवर चालणारं एक मशीन होतं. माणिकपूरहून आलेला रिपोर्ट छापायचा आणि नळीवर चिकटवायचं लेबल काढायचं, एवढंच त्याचं काम. ही बावीस मशीन सांभाळणाऱ्या खात्याचं नाव पाटीवर ‘माहिती तंत्रज्ञान विभाग’ असं होतं. विभाग म्हणजे काका, मी आणि एक टेबल.

आमची मशीन इमेजवर चालायची. म्हणजे प्रत्येक मशीनवर जाऊन एकेक प्रोग्राम सुटा बसवायचा नाही. माणिकपूरला एका यादीवरून अख्खी सिस्टीम एकदाच तयार करायची, तिलाच इमेज म्हणायचं, आणि सगळ्या केंद्रांनी ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. नवी इमेज जुनीला पुसत नाही, तिच्या शेजारी येऊन बसते. मशीन बंद करून सुरू केलं की नवीत जातं. नवी बिघडलेली निघाली तर एक कमांड द्यायची, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि जुनीत परत यायचं. हे ज्या कुणी शोधून काढलं त्याने ते काकांना न भेटता काढलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. काकांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते म्हणे. त्यांचं घराणं मिठागरातलं. “भरतीचं पानी आत घ्यायच्या आदी ते बाहेर कसं काडायचं ते आमी बघतो,” ते मला म्हणाले होते, “ह्या मानसाचा बाप नक्की मिठागरात व्हता.”

जगभरातले शहाणे लोक असली कामं केंद्र बंद असताना करतात. काका मंगळवारी सकाळी अकराला करायचे. चहा झालेला, केंद्रावर रांग लागलेली, सगळी माणसं जागेवर. मी सुरुवातीला वाद घातला. त्यांचं म्हणणं असं, की बिघडलं तर ‘बिघडलं’ म्हणून सांगायला माणसं जागी हवीत, आणि सुटीच्या दिवशी मशीन कधीच बिघडत नाही, ते सोमवारी बिघडतं. एका फेरीवर त्यांचा विश्वास नसे. मशीन नव्या इमेजवर न्यायचं, मग मुद्दाम जुन्यावर आणायचं, आणि मग पुन्हा नव्यावर न्यायचं. ही पंधरा-वीस मिनिटं ते बाहेर बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसत. कोण उपाशीपोटी आलंय, कुणाच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, हे त्यांना मशीनच्या आधी कळायचं. मी आत पडद्याकडे बघत मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायचे.

मग सिस्टीमचं नवं रिलीज आलं. जुन्याला मिळणाऱ्या दुरुस्त्या बंद होणार होत्या, त्यामुळे बावीसच्या बावीस मशीन नव्यावर नेणं भाग होतं. लॅब ज्यांची होती त्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बाई नेमक्या आणि सरळ होत्या, गोड बोलून गळा कापायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी समोरासमोर सांगितलं, की यापुढे सगळी मशीन सारखी हवीत, यादीवर त्या स्वतः सही करणार, आणि यादीत नाही ते मशीनवर नाही. हे एकदा झालं की या विभागात एकच माणूस पुरे. कोण राहील ते, काम किती चोख झालं यावर ठरेल.

बाहेर आल्यावर आम्ही दोघंही एकमेकांशी फार सभ्यपणे वागू लागलो. काकांना निवृत्तीला दोन वर्षं होती. “घरी बसलो तर सूनबाई मला दळन आनायला पाठवनार,” ते म्हणाले, “आनि गिरनीतून परत यायचा रस्ता मला पाठ हाय.” हे त्यांनी हसत सांगितलं, पण त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला. माझ्या घरी तेव्हा मी एकटीच कमावती होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि तो दिवसभर पंख्याच्या पाती पुसत बसायचा. त्यामुळे मलाही नोकरी हवीच होती आणि हे काकांना माहीत होतं.

इमेजमध्ये नसलेलं काही एखाद्या मशीनला हवं असेल तर ते वरून जोडता येतं. वर्षानुवर्षांत काकांनी प्रत्येक मशीनवर अशी सात-आठ जोडकामं केली होती. नव्या रिलीजवर जाताना नेमकी हीच आडवी येतात. मी ठरवलं, तिकडे जातानाच सगळी जोडकामं एका कमांडने काढून टाकायची आणि लागतील तेवढीच रीतसर यादीत घालायची. काय काय लागेल ते काकांना विचारलं. त्यांनी प्रिंटर, लेबल, बारकोड आणि मराठी अक्षरं अशी चार नावं सांगितली. पाचव्या नावावर मी बोट ठेवलं तर म्हणाले, “ते असंच हाय.” मला बरंच वाटलं. मी पाचवं काढलं, सहावं काढलं, सगळं काढलं. काका शेजारी उभे होते आणि चष्मा पुसत होते.

पाच मंगळवारांत बावीस मशीन नव्या रिलीजवर पोचली. प्रत्येक मशीन जाऊन, परत येऊन, पुन्हा गेलं. एकही अडलं नाही. बावीस मशीन एकमेकांसारखी झाली आणि त्यांच्याकडे बघून मला जो अभिमान वाटला तो आता आठवला की लाज वाटते.

मग फोन येऊ लागले. गोखिवऱ्याहून पहिला. पेशंट विचारतात, कागद अर्धाच छापलाय का. मी प्रिंटर तपासायला सांगितला, तो ठणठणीत होता. फुलपाड्याहूनही तेच. रिपोर्ट पूर्ण, आकडे बरोबर, खाली मॅडमची सही, तरी लोक कागद उलटा करून बघत होते. मी मशीनच्या नोंदी चाळल्या, त्यांत काहीच चूक नव्हती. मशीनला जे सांगितलं होतं ते ते इमानेइतबारे करत होतं. त्या आठवड्यात काकांनी जेवायला खाली जाणाऱ्यालासुद्धा परतीचं विचारलं नाही.

आमच्या लॅबला लागूनच असलेल्या माणिकपूरच्या केंद्रावर एक ख्रिस्ती आजी दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायच्या. केळीची वाडी होती त्यांची, येताना कधी कधी काकांसाठी केळ्यांची फणी आणायच्या. या वेळी त्या सकाळी उपाशीपोटी आल्या, दुपारी रिपोर्ट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढताना चक्कर येऊन पडल्या. लागलं नाही फारसं. त्यांची मुलगी तो कागद घेऊन आमच्या काउंटरवर आली. मी भांडणाच्या तयारीने उभी राहिले, पण ती भांडायला आली नव्हती. दर वेळी कागदावर जेवून घ्या असं लिहिलेलं असतं, ते या वेळी नव्हतं. आजींनी अर्थ काढला, की या खेपेला आपलं असं काही निघालंय की जेवायचं नाही. त्या दिवसभर आणि रात्रभर उपाशी राहिल्या. “आता जेवू दे ना तिला?” एवढंच मुलीला विचारायचं होतं. काका माझ्या मागेच होते. त्यांनी तिला जेवू द्या म्हणून सांगितलं.

मी आत जाऊन माणिकपूरचं मशीन जोडकामांसकट शाबूत असलेल्या जुन्या इमेजवर परत आणलं आणि आजींचा रिपोर्ट पुन्हा छापला. मॅडमच्या सहीखाली बारीक मराठी अक्षरांत एक ओळ आली. ‘घाबरू नका. आधी जेवून घ्या. मग डॉक्टरांकडे जा.’ ते पाचवं जोडकाम म्हणजे हे होतं. त्यावर काकांचं नाव होतं आणि तारीख मी नोकरीला लागण्याच्याही आधीची. इतकी वर्षं डॉक्टरांच्या सहीखाली, डॉक्टरांना न विचारता, भोईरकाका लोकांना जेवायला पाठवत होते.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो आजींचा नव्हता, माझ्या नोकरीचा होता. हा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला की प्रश्न मिटला. मी तो ठेवला नाही, पण फाडलाही नाही. खणात सरकवला. मोठेपणा म्हणावा तर एवढाच.

काकांना तो खणातून शोधावा लागला नाही, त्यावर काय छापलंय ते त्यांना ठाऊकच होतं. ते येऊन समोर बसले. “माज्या आईला पहिल्यांदा रिपोर्ट मिळाला ना, तेवा ती दोन दिवस जेवली नाय,” ते म्हणाले. “सगळा इंग्रजी कागद. मी कामावरून आलो आनि वाचला. नॉर्मल व्हता.” मग त्यांनी मला ती ओळ यादीत घालायला सांगितली. आमच्या यादीत प्रत्येक गोष्टीपुढे ती कशासाठी आणि कुणी घातली ते लिहावं लागे. मी म्हटलं, ओळ घालते, नाव माझं टाकते. खरंच म्हटलं, आणि म्हणताना ते नको म्हणतील याची मला खात्री होती.

“माजं नाव टाक,” काका म्हणाले. “मी लपवलं म्हनून तर गेलं ते. तू काडलंस ते बरोबरच काडलंस, बाय.”

मॅडमनी यादी वाचली आणि काकांना आत बोलावलं. काचेपलीकडे बाई बोलत होत्या आणि काका मान हलवत होते, कॅनडावाल्यासमोर हलवली होती तशीच. बाहेर आले आणि चहा मागवला. मी विचारायच्या आधीच सांगितलं, की बाईंचं बरोबर आहे. ज्याची त्याच दिवशी उपाशीपोटी सोनोग्राफी आहे त्यालाही ते इतकी वर्षं जेवायला घालत होते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. हे सांगताना त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. मग कप खाली ठेवून म्हणाले, की महिनाअखेरपर्यंत ते आहेत, पुढे विभाग माझा.

मॅडमवर राग धरता आला असता तर सोपं झालं असतं. आपण न वाचलेली ओळ आपल्या सहीखाली हजारो लोकांच्या हातात गेली, हे कुठल्या डॉक्टरला चालेल? त्यांनी नवी ओळ लिहून, तीवर सही करून दिली. ‘सदर अहवालाबाबत आपल्या वैद्यकीय सल्लागाराशी संपर्क साधावा.’ ती यादीत गेली, पुढच्या मंगळवारी अकरा वाजता बावीस केंद्रांवर पोचली आणि आजतागायत छापली जाते. तिच्याबद्दल कधी कुणाचा फोन आलेला नाही. निरोपाला समोसे होते, शाल-श्रीफळ होतं, आणि हा विभाग काकांनी उभा केला असं मॅडम मनापासून म्हणाल्या. काकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काकांना मी एकदाच भेटले. सात-आठ महिन्यांनी ते सकाळी रक्त देऊन गेले आणि दुपारी तीनच्या सुमाराला कागद घ्यायला आले. तो मीच प्रिंटरमधून काढला. किडनीच्या रकान्यातले तिन्ही आकडे ठळक अक्षरांत होते. इतकी वर्षं रिपोर्ट छापून त्यांतलं मला आता कळतं, आणि त्यांना तर माझ्या आधीपासून कळायचं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मॅडमच्या सहीखालची ओळही वाचली आणि चार घड्या घालून खिशात ठेवला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात सल्लागाराशी संपर्क साधण्यापलीकडे एकही शब्द येईना.

त्यांनी मला डबा उघडलास का म्हणून विचारलं. उघडला नव्हता. तसे ते मला हाताला धरून समोरच्या खानावळीत घेऊन गेले आणि एक थाळी सांगितली. एकच का, असं मी विचारलं. “माजं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाय,” ते म्हणाले. “बाईंचा नियम हाय.” मग नव्या रिलीजबद्दल चौकशी करत बसले. कुठलं केंद्र कुरकुरतंय, कुणी काही वरून जोडलंय का, मंगळवार पाळतेस ना. मी सगळ्याला हो म्हणत होते आणि आमटीत काय पडतंय याकडे बघत नव्हते. पोळी संपली की ते वाढप्याला हाक मारायचे. पुढच्या वर्षी काका गेले तेव्हा मला कळलं तेही उशिरा. पण त्या दुपारी, ज्या माणसाचे ‘आधी जेवून घ्या’ हे तीन शब्द मी बावीस ठिकाणांहून पुसले होते, त्याला समोर उपाशी बसवून मी पोटभर जेवले.