एन्झाइमचं चित्र
स्पिरिटचा वास आला की अलिबागच्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. भात कापताना काकांच्या पायाला विळा लागला होता, जखम चिघळली आणि एकही अँटिबायोटिक लागू पडेना. जंतू ज्या एन्झाइमने औषध तोडतात, त्याची रचना मी तेव्हा प्रयोगशाळेत शोधत होतो. "तुजा अभ्यास याचाच हाय ना?" काकीने विचारलं. मी उत्साहाने मोबाइलवर रंगीत चित्र उघडलं. "या खाचेत औषध अडकतं आणि तुटतं. किती सुंदर आहे बघ." काकी बघत राहिली, मग हळू म्हणाली, "म्हंजे ह्यांचं औषध ह्योच खातोय." काका जागे होते, त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतला. पुढे तो गुडघ्याखालून कापावा लागला. आता काका कुबडी टेकत बांधावर येतात, माझ्या कामाची आपुलकीने चौकशी करतात, आणि मला अजून त्या 'सुंदर' शब्दाबद्दल त्यांची माफी मागता आलेली नाही.