मुरलेलं अंग

वैजनाथला ऊन लागत नाही, हे अख्ख्या नागापूरला माहीत होतं, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. माणूस पाथर्डीकडचा. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली, आता एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर रातपाळीचा वॉचमन. कुणी उन्हाच्या नावानं बोटं मोडली की याची जीभ वळवळलीच. "अंगाला ऊन दाखवाया लागतं रे. लोणच्यागत मुरवाया लागतं." दुसऱ्यानं कौतुक केलं नाही, तर स्वतःचं स्वतः करून घ्यायला हा मोकळा!

बाकी माणूस वाईट नव्हता हो. लेकीवर तर याचा असा जीव, की विचारू नका. निकिता एकुलती एक. उसाच्या फडात, पाचटाशेजारच्या झोळीत वाढलेली. तिच्या हातात कोयता येऊ नये, एवढ्यासाठी त्यानं गाव सोडलं. पोरीनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला, त्या दिवशी गड्यानं गेटवर पेढे वाटले. भरतीचा अजून पत्ता नाही, आणि पेढे आधी!

एमआयडीसीच्या मागच्या मैदानावर भरतीची पोरं-पोरी पहाटे पळायची. त्यांना शिकवायला मच्छिंद्र मेजर होते. फौजेतून रिटायर झालेले, एक पैसा न घेता शिकवायचे. त्यांचा नियम एकच. ऊन चढलं की मैदान बंद, सगळ्यांनी लिंबाखाली बसायचं आणि पाणी प्यायचं. यंदा तर चैत्रातच डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं.

एका पोरीनं कुठूनशी बातमी आणली, की मागच्या भरतीत काही मुलींचा पळायचा नंबर भर दुपारी लागला म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण वैजनाथच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

"सकाळच्या गारव्यात काय, शेळीबी पळती," तो मेजरांना म्हणाला. "दुपारी नंबर लागला म्हंजी? माजी पोरगी दुपारचीच पळंल आता."

"वैजनाथ, विषाची परीक्षा कशाला घेतो?" मेजर म्हणाले. "रोज थोडं थोडं, पाणी पीत सवय करता येते. हे असं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की बापलेक मैदानावर. कुत्रीसुद्धा टेम्पोच्या खाली शिरून धापा टाकायची, आणि ही पोरगी त्या पांढऱ्या फुफाट्यात पळायची. वरून बापाचं शास्त्र. पळायच्या आधी पाणी प्यायचं नाही, पोटात डुचमळतं. खिशात कांदा ठेवला की झळ बाधत नाही. पहिल्याच दिवशी तिला उलटी झाली. "निघू दी, पित्त हाय," म्हणाला.

घरी विजयमाला, त्याची बायको, धुसफुसत होती. रात्री पोरीच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ती दात खाऊन गप पडायची. मग एकदा तिनं आईला हळूच सांगितलं, की लघवी काळ्या चहासारखी होतेय.

"आवं, मला ह्याचं लक्षान बरं दिसंना," विजयमाला नवऱ्याला म्हणाली. "दवाखान्यात न्या तिला."

"उन्हाळी लागली आसंल. धन्या-जिऱ्याचं पाणी दे, सकाळपातूर साफ हुतंय."

आणि पोरगीही त्याचीच! "आई, घोडामैदान जवळ आलंय. आप्पाला काय कळत न्हाई व्हय?" असं म्हणून तिनं आईचंच तोंड बंद केलं. अशा वेळी आईनं करावं तरी काय?

त्या दिवशी हवा हलत नव्हती. निकिता बूट घालताना दोनदा थांबली. "आप्पा, आज नको वाटतंय."

वैजनाथ क्षणभर थबकला. तेवढ्यावर परत फिरला असता तर! पण फडात त्याच्या बापानं त्याला असंच उठवलं होतं, आणि त्यातूनच आपण माणूस झालो, असं त्याचं ठाम मत. "एवढा एक दिस. मग उद्या सुट्टी," म्हणाला.

ती पळाली. तो मैदानाच्या कडेला मोबाईलवर वेळ लावून ओरडत होता, ती फेरा पुरा करून आली. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं ठणठणीत. टिपूससुद्धा नाही. आणि हा वेडा हरखला! फडात नव्या गड्याचा घाम धो-धो गळतो, जुन्याचा कमी, एवढंच त्यानं आयुष्यभर पाहिलेलं. "आगं, घाम आटला तुजा! अंग मुरलं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आनंदानं. "आजून एक फेरा मार, निकी."

ती हसली. जराशी जास्तच हसली, आणि निघाली. अर्ध्यावर गेल्यावर ती वळायच्या जागी वळली नाही. सरळ बाभळीच्या काट्यांत शिरली, तरी पाय पळतच होते.

"निके! हिकडं!"

तो पोचला तेव्हा ती पडलेली होती. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. "आप्पा, गाडी आली," ती पुटपुटली. "मोळ्या राहिल्यात." आयुष्यभर उसाच्या मोळ्या गाडीत वाहिलेल्या त्या माणसानं लेकीला खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडे धाव घेतली. शर्टातून त्याची पाठ भाजत होती.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला मार बसलाय, मेंदूला किती ते आज सांगता येत नाही. तिला स्वस्थ पडू द्यायचं, एवढंच आता आपल्या हातात आहे.

संध्याकाळी वैजनाथला आत सोडलं. पोरीचे डोळे मिटलेले होते. तो वाकला, तोंडातून कसंबसं एवढंच निघालं, "निकी, बाय माजी..."

चादरीखाली तिचे पाय हलायला लागले. आधी हळू, मग जोरात, आणखी जोरात. धाप लागली, मशीन वाजायला लागलं. नर्स धावत आली.

"तुम्ही बाहेर व्हा. आवाज करू नका. तुमच्या आवाजानंच होतंय हे!"

विजयमाला आत लेकीचे पाय दाबून बसली. वैजनाथ दाराबाहेर फरशीवर बसला, पदरासारखं उपरणं तोंडात कोंबून, हुंदकासुद्धा आत जाऊ नये म्हणून.