बुडणाऱ्या गावाचा गेम

त्या वर्षी शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वस्तीतल्या आमच्या सोसायटीला टँकरचंच पाणी होतं आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. मी घरून काम करायचे. एका लहान कंपनीचे गेम बाजारात यायच्या आधी खेळून बघायचे आणि त्यात चांगलं काय, चुकलंय काय याचा रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. दिवसभर घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते.

मामा करमाडजवळच्या एका खेड्यातले. कारखान्यांसाठी त्यांची बरीचशी जमीन गेली, पुढं सासूबाई गेल्या, आणि उरलेल्या तुकड्यातली विहीर आटली तेव्हा ते आमच्याकडे आले. बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीचे मजले चढताना बघायचे. आमचं बोलणं चहा आणि टँकरपुरतं.

एका आठवड्यात माझ्याकडे गोष्टीचा गेम आला. पडद्यावर चित्रं, खाली माणसांचं बोलणं, मध्येमध्ये कोडी. कोडं सुटलं की गोष्ट पुढं सरकते. धरणात बुडणार असलेल्या गावातली एक मुलगी आणि तिची आजारी आई, अशी गोष्ट. एक कोडं पाटाच्या पाण्याचं होतं. पाच शेतं, सात दारं, पाणी थोडं. कुठलं दार आधी उघडायचं ते आपण ठरवायचं. मी सकाळभर अडकले होते.

"आधी शेवटचं वावर भिजव," मागून आवाज आला. मामा कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही.

"शेवटचं का?"

"वरल्यानं आधी घेतलं तर खालच्यापोत्तर पोचतंय का? पाणी थोडं असलं की खालून वर यायचं."

मी तसं केलं. पाचही शेतं हिरवी झाली. मामांनी खुर्ची ओढली. त्यानंतर रोज दुपारी ते शेजारी बसायचे आणि मी इंग्रजीतलं बोलणं त्यांना मराठीत वाचून दाखवायचे.

गेम चांगला होता. कोडी गोष्टीतूनच आली होती. आईच्या औषधांच्या वेळा जुळवायच्या, जुन्या नकाशावरून कुणाचा बांध कुठला ते ओळखायचं. कोडं सोडवताना आपण त्या घरातलंच एखादं काम करतोय असं वाटायचं. रिपोर्टमध्ये मी हे मनापासून लिहिलं.

पण शेवटाकडे तो घसरला. आईचा जीव जातोय, मुलगी उशाशी बसलीय, आणि एकदम पडद्यावर चौकोनी तुकडे आले. सरकवून चित्र जुळवा. ते टाळून पुढं जायची सोयच नव्हती.

"तिची माय चालली अन् ह्यो काय खेळ लावलाय?" मामा चिडले. मी खाली मान घालून तुकडे सरकवत राहिले. मलाही लाज वाटत होती.

आई गेल्यावर मुलीसमोर कागद येतो. जमीन देण्याच्या संमतीचा. सही करायची की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मी मामांकडे पाहिलं.

"कर म्हणावं सही," ते म्हणाले.

सही झाली. गाव पाण्याखाली गेलं.

"नाय म्हणलं असतं तर?"

ते बघायला आख्खं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून खेळावं लागत होतं. हाही दोषच. पुन्हा आईचं आजारपण, पुन्हा ते तुकडे. मामा उठले नाहीत. या वेळी मी नकार दाबला. गाव तसंच बुडालं. तीच चित्रं, तेच पाणी.

"मग इचारलं कशापायी?"

"हेच लिहिते मामा. विचारल्याचं नुसतं नाटक आहे. सगळ्यांत मोठा दोष हाच."

मामांनी पडद्यावरच्या पाण्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "मी सही केली व्हती. धाकल्या भावानं केली नाय. जमीन दोघांचीबी गेली. तो म्हणला, तू केलीस म्हणून माझी गेली. तवापासून बोलत नाय. तुझ्या सासूलाबी तसंच वाटायचं. बोलली नाय कधी, पण वाटायचं." थोडं थांबून म्हणाले, "मलाबी."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना त्या एका मुद्द्यावर मी अडखळले. शेवटी लिहिलं, दोन्ही शेवट सारखेच आहेत, खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल, तरी हे बदलू नका. कंपनीनं पुढं तुकड्यांचं कोडं काढून टाकलं, पण नकार दिला तर गाव वाचतं असा नवा शेवट जोडला. तो मी मामांना दाखवला नाही.

रिपोर्ट पाठवला त्याच आठवड्यात मामांनी मला सिल्लोडच्या बसची वेळ विचारली. धाकटे काका तिकडे सासुरवाडीजवळ शेती करून राहत होते. मामा सकाळी गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. धोतर धुळीनं माखलेलं, चेहरा ओढलेला.

"बोलले का काका?" मी दारातच विचारलं.

"सहीचं काढलं नाय. त्यानंबी, मीबी." त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली. "मका करपली म्हणला. वावरात घेऊन गेला मला दाखवायला."

मग हातपाय धुण्यापुरतं पाणी आहे का, म्हणून विचारत ते न्हाणीकडं वळले.